सीट बसवण्यापूर्वी पुस्तिका वाचावी

छापलेल्या कागदावर माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतकी श्रद्धा असलेला दुसरा माणूस अख्ख्या डहाणू तालुक्यात सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये अशी माझी इच्छा आहे. आमचे भाऊजी मूळचे तलासरीकडच्या डोंगरातले. त्यांचे भाऊ अजून तिथे भात आणि नागली पिकवतात. हे तेवढे शिकून खाली डहाणूला आले, सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत तिथून हलले नाहीत. नोकरीने त्यांना पेन्शन दिली आणि एक कायमचा आजार दिला. कागदावर आहे ते खरं आणि कागदावर नाही ते घडलंच नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. कचेरीत होते तोवर परिपत्रकं वाचून त्यांची भूक भागत होती. निवृत्तीनंतर परिपत्रकं बंद झाली, तेव्हा ते वस्तूंच्या खोक्यातून निघणाऱ्या माहितीपुस्तिकांकडे वळले.

आपण मिक्सर घेतला की खोकं फोडतो, भांडं विसळतो आणि चटणी वाटतो. भाऊजींकडे मिक्सर आला तेव्हा माझ्या बहिणीने त्यानंतरही कितीतरी दिवस पाट्यावरच वाटलं, कारण पुस्तिकेचं वाचन पुरं व्हायचं होतं. पहिल्या पानावर कंपनीने ग्राहकाचं अभिनंदन केलेलं असतं ना, तेही ते सोडत नाहीत. ते वाचून किंचित मान लववतात. मग इंग्रजी, मग हिंदी, मग गुजराती. तिन्हीत काही फरक आढळला तर समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. तापाची गोळी घ्यायची तर आधी तिच्यासोबतचा घडी घातलेला पातळ कागद उलगडतात. त्यात चक्कर येऊ शकते असं वाचलं की त्यांना चक्कर येते, आणि गोळी अजून पाकिटातच असते. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांनी विधीचं छापील पुस्तक आणून मांडीवर ठेवलं होतं आणि ओळीवरून बोट फिरवत बसले होते. गुरुजींनी घाईत काहीतरी गाळलं तसे हे म्हणाले, "मधलं अर्धं पान राहिलं." गुरुजी म्हणाले, "भाऊसाहेब, मुहूर्त राहील." यावर यांनी बोट त्या ओळीवरून काढलं नाही. शेवटी गुरुजींनीच मागे येऊन ते अर्धं पान म्हटलं आणि दक्षिणा घेताना यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दसऱ्याला सगळे आपापली हत्यारं, अवजारं, गाड्या पुजतात. माझ्या चिकूच्या वाडीत मीही कात्र्या, पंप आणि टेम्पो पुजते. भाऊजी पाटावर पुस्तिका मांडतात. फ्रिजची, पंख्याची, पाण्याच्या मोटारीची, डास मारायच्या रॅकेटचीसुद्धा. प्रत्येकीवर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. "वस्तू आज आहे, उद्या भंगारात जाईल," ते मला समजावतात, "पुस्तिका राहते." त्यांच्या घरी फ्रिज दोनदा बदलला. पहिल्या फ्रिजच्या पुस्तिकेला अजून झेंडू मिळतो.

हे सगळं मी बाहेरून बघत होते आणि हसत होते तोवर ठीक होतं. पण माझ्या भाचीला मुलगी झाली आणि ती मुलगी सहा-सात महिन्यांची झाली, तेव्हा या छंदाचा त्रास मला प्रत्यक्ष व्हायला लागला. भाची बंगळुरूला असते. असायची, म्हणायला हवं, कारण जावयाला कॅनडात नोकरी लागली होती आणि थंडी संपायच्या आत सगळं बिऱ्हाड तिकडे हलणार होतं. जाण्याआधी नातीचं उष्टावण आपल्या गावी, तलासरीच्या डोंगरात, घरच्या देवापुढे नव्या तांदळाच्या खिरीने व्हावं, एवढी एकच गोष्ट भाऊजींनी मागितली. आयुष्यात कधी कोणाकडे काही मागितलेला हा माणूस नाही. भाची तयार झाली, पण तिची एक अट होती. फोनवर तिने स्वच्छ सांगितलं, "बाबा, हायवेवरून ट्रक कसे येतात तुम्हाला माहितीये. बाळाची सीट मी ऑनलाइन पाठवते. ती गाडीत नीट बसली तर गावाला जायचं. नाहीतर उष्टावण डहाणूच्या घरीच करू."

माझी बहीण म्हणाली, "तुला मी मांडीवर घेऊनच वाढवली."

"आई, तेव्हा बाबांकडे लुना होती."

सीट आली. खोकं केवढं, तर आमचे भाऊजी त्यात बसले असते. त्यांनी ते लगेच फोडलं नाही. आधी खोक्यावरचं वाचलं. वरची बाजू कुठली ते बाणाने दाखवलं होतं, त्याप्रमाणे खोकं फिरवलं आणि मग फोडलं. आतून सीट निघाली, आणि सीटच्या पोटात एका कप्प्यात पुस्तिका. भाऊजींचा चेहरा असा उजळला की नात स्वतः निघाली असती तरी याहून जास्त उजळला नसता.

त्यांची गाडी जुनी, कोणाकडून तरी घेतलेली, पांढरी. पण ती घेताना त्यांनी इंजिन बघितलं नव्हतं. गाडीची मूळ पुस्तिका मिळेल का, एवढंच विचारलं होतं. त्यामुळे आता त्यांच्यापुढे दोन पुस्तिका झाल्या. सीटच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की सीट कुठल्या जागी बसवावी यासाठी गाडीच्या पुस्तिकेचा सल्ला घ्या. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की लहान मुलांच्या सीटबाबत सीट बनवणाऱ्याच्या सूचना पाळा. दुसऱ्या कोणाचंही डोकं फिरलं असतं. भाऊजी खूश झाले. "हे या टेबलावरून त्या टेबलावर," ते म्हणाले. "अशी फाइल मी ओळखतो." मग त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, आप एक बार मैन्युअल देख लीजिए." भाऊजींनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "मुलगी हुशार आहे."

मी सांगितलं, "भाऊजी, मागच्या बाकावर ठेवा, पट्टा ओढा, हलवून बघा. हलली नाही तर झालं."

"मेव्हणीबाई, असं म्हणणारी माणसंच वर्तमानपत्रात येतात."

मी वाडीवर परतले. चिकूचा हंगाम ऐन भरात होता आणि मला त्यांच्याशी वाद घालण्याहून महत्त्वाची कितीतरी कामं होती.

आता सीट बसवायला एवढं काय लागतं, असं कोणालाही वाटेल. पण बाळाच्या सीटच्या कडेला एक रेघ असते आणि ती जमिनीला समांतर यावी लागते, नाहीतर झोपेत बाळाची मान पुढे पडते. म्हणून पुस्तिकेत म्हटलं होतं, गाडी सपाट जागी उभी करावी. कुठल्याही शहाण्या माणसाने गाडी अंगणात उभी केली असती. भाऊजींनी गवंड्याकडून लेव्हलची बाटली मागून आणली आणि डहाणू मोजायला सुरुवात केली. त्यांचं अंगण गटाराकडे उतरतं, असं निघालं. समोरचा रस्ता मधे फुगलेला. देवळापुढची जागा बरी होती, पण तिथे गाडी लावून पुजाऱ्याच्या पायांत ती बाटली सरकवल्यावर पुजारी भडकला. बहिणीने मला फोन केला, "अगं, हे रस्त्यावर ओणवे होऊन काहीतरी बघत असतात. लोक विचारतात, काय हरवलंय." इकडे भाची यायला तीन-चार दिवस उरले होते आणि सीट हॉलमध्ये सोफ्यावर बसून टीव्ही बघत होती.

आणि मग, माझ्या दुर्दैवाने, त्यांना नरपडचा किनारा आठवला.

माझी वाडी नरपडला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. ओहोटीला आमचा किनारा कितीतरी आत उघडा पडतो, आणि ओली वाळू परातीसारखी सपाट. भाऊजी भल्या सकाळी आले, मला न विचारता सुरूंच्या मधल्या वाटेने गाडी खाली उतरवली आणि बाटलीतला बुडबुडा जिथे मधोमध थांबला तिथे पार आत नेऊन उभी केली. डोंगरातला माणूस. समुद्र त्यांनी एवढी वर्षं पाहिला तो बांधावरून, शेंगदाणे खात. समुद्र जातो तसा परतही येतो हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी अमावास्या होती आणि अमावास्येचं पाणी कसं येतं हे आमच्याकडे शाळेत न गेलेली पोरंही सांगतात. दोन्ही पुस्तिकांत त्याचा उल्लेख नव्हता.

मी शेडमध्ये चिकूची प्रतवारी करून घेत होते. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणारी एक बाई, आमच्या नेहमीच्या ओळखीची, पदर खोचत आली. तिला अजिबात घाई नव्हती.

"ताई, तुमचे पावने पान्यात हायत."

"आंघोळीला उतरलेत?"

"गाडी घेऊन उतरलेत. आज अवस हाय, कोनी सांगितला नाय काय त्यांना?"

मी धावत गेले. गाडीची चाकं अर्धी वाळूत गेलेली, पाणी चाकांना लागलेलं. भाऊजी मागच्या सीटवर गुडघे टेकून, पाय दारातून बाहेर, पँट घोट्यापर्यंत भिजलेली. बॉनेटवर दोन्ही पुस्तिका उघड्या, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून त्यांवर एकेक मोठा शिंपला. मी ओरडले, "भाऊजी, पाणी आलं." ते आतूनच म्हणाले, "निळ्या खुणेतून पट्टा काढतोय, मधे बोलू नका."

होड्या ओढणारे पाच-सहा जण जमले. त्यातला एक म्हणाला, "काका, गाडी धुवाला मीठ जास्त व्हईल." दुसरा म्हणाला, "राहू द्या, सरकारचा नवा बंदर व्हनार तवा कामाला येईल." त्यांनी दोर आणला आणि पुढच्या बंपरला बांधायला घेतला. तेव्हा मात्र भाऊजी विजेचा झटका बसल्यासारखे बाहेर आले. "बंपरला नाही, बंपरला नाही. तुटेल. आकडा आहे, आकडा." आणि घोट्याच्या वर पाणी चढत असताना या माणसाने बॉनेटवरची पुस्तिका घेतली, अनुक्रमणिका काढली, गाडी ओढून नेण्याचं पान शोधलं, बंपरवरचं टिकलीसारखं झाकण नखाने उचकटलं, डिकीतून एक लोखंडी आकडा काढून तिथे फिरवून बसवला आणि मग म्हणाला, "आता ओढा." त्यांनी होडी ओढतात तशी गाडी ओढली, त्याच तालात. बंपर शाबूत राहिला, हे मला मान्य आहे. पण घरी बसून राहिले असते तर तो तसाही शाबूतच राहिला असता.

वर आल्यावर मी म्हटलं, "समुद्राची पुस्तिका मिळाली नाही वाटतं खोक्यात?"

ते गाडीच्या पुस्तिकेचं खाऱ्या पाण्याबद्दलचं पान वाचत होते. "लगेच गोड्या पाण्याने धुवावी," ते म्हणाले. "नळी कुठे आहे तुमची?"

शेवटी ती सीट बसली माझ्या शेडच्या फरशीवर. फरशीतही सूतभर उतार निघाला, पण माझा चेहरा बघून त्यांनी तो काही लिहून घेतला नाही. पुस्तिकेत म्हटलं होतं की सीटवर गुडघ्याने पूर्ण भार देऊन पट्टा ओढावा. भाऊजींनी भार दिला. भाऊजींचा पूर्ण भार म्हणजे चिकूचे दोन क्रेट. पट्टा सैलच राहिला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत आदराने म्हणाले, "मेव्हणीबाई, तुमचं वजन इथे उपयोगी पडेल." शेडमधल्या बायका क्रेटमध्ये तोंड खुपसून हसत होत्या. मी गुडघा टेकला, त्यांनी पट्टा ओढला, आणि सीट अशी घट्ट बसली की गाडी हलवली तरी ती हलेना. तरीही त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी घरून नव्या तांदळाची पिशवी आणली, बाळाच्या वजनाची, तिला बहिणीने विणलेलं टोपडं घातलं, पट्टे लावले आणि स्टेशन रोडवरून सगळ्या खड्ड्यांतून फिरवून आणलं. दोघा-तिघांनी खिडकीतून वाकून विचारलं, "नात आली वाटतं?" हे म्हणाले, "नाही, चाचणी."

भाची आली. तिने सीट हलवून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवला. उष्टावण गावाला ठरलं. मी, बहीण, भाची, बाळ आणि स्टिअरिंगवर भाऊजी. माझी खात्री होती की आता सगळं उरकेल. पण बाळाने पुस्तिका वाचलेली नव्हती. गंजाड मागे पडलं आणि तिने त्या सीटमध्ये असा टाहो फोडला की बाजूने जाणारा मोटरसायकलवाला थांबून बघायला लागला. खुळखुळा झाला, टाळ्या झाल्या, भाचीचं गाणं झालं. बहीण म्हणाली, "घे गं मांडीवर. रस्त्यात कोण बघतंय?" आणि जिची मूळ अट होती, ती माझी भाचीसुद्धा डोळे पुसत म्हणाली, "बाबा, थोडा वेळच घेते. हायवे लागेपर्यंत."

भाऊजींनी गाडी कडेला घेतली, बंद केली, किल्ली काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "चालत्या गाडीत मूल सीटबाहेर नको," ते म्हणाले. "बाहेर घ्यायचं तर गाडी उभी राहील."

मग आम्ही उभे राहिलो. बाळ बाहेर काढलं की हसायचं, आत ठेवलं की रडायचं. ऊन चढलं. गावाहून त्यांच्या भावाचा फोन आला. स्पीकरवर असल्याने आम्ही सगळ्यांनी ऐकला. "दादा, माणसं बसलीत. खीर आटत चालली. कुठं हाय तुम्ही?" भाऊजी म्हणाले, "दूध घाल." बहिणीचा आवाज चढला. "एका कागदापायी तुमच्याच गावाला ताटकळत ठेवताय. उठवून आणलंत तरी कशाला आम्हाला?" त्यांनी किल्लीच्या खिशावर हात दाबून धरला. ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी हे सगळं केलं होतं, तीच त्यांच्या खिशातल्या किल्लीमुळे हातची जात होती, आणि ते त्यांना आम्हा सगळ्यांहून चांगलं कळत होतं. तरी त्यांनी किल्ली काढली नाही.

मी हात पुढे केला. "मी चालवते. तुम्ही मागे तिच्याशेजारी बसा. तुमची नात आहे, तुम्हीच समजवा."

ते मागे बसले. बाळाला आत ठेवलं, पट्टे लावले, बाळाने तोंड उघडलं. भाऊजींना अंगाई येत नाही, गोष्ट येत नाही, चिमणीकावळासुद्धा येत नाही. त्यांनी सीटच्या कप्प्यातून पुस्तिका काढली, पहिलं पान उघडलं आणि कचेरीत परिपत्रक वाचून दाखवायचे त्या एकसुरी आवाजात, इंग्रजीचं मराठी करत, वाचायला लागले. "ही सीट निवडल्याबद्दल आपले अभिनंदन. इशारा. सीट उन्हात ठेवू नये. इशारा. पट्ट्यास पीळ पडू देऊ नये. कापड धुताना कोमट पाणी वापरावे." बाळाने रडणं मधेच थांबवलं. मी आरशात पाहिलं, तर ती त्यांच्या ओळीवरून सरकणाऱ्या बोटाकडे बघत होती. कापड वाळवण्याच्या सूचनांपर्यंत तिचे डोळे मिटले. हायवे लागला, ट्रक दोन्ही बाजूंनी घोंघावत गेले, आणि भाऊजी इंग्रजी संपल्यावर हळू आवाजात पुढचं इटालियन पान नुसती अक्षरं लावत वाचत राहिले, कारण थांबले की ती हलायची.

खिरीत दोनदा दूध घालावं लागलं होतं. पातळ झाली होती. बाळाने पहिला घास घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि दुसऱ्यासाठी आ केला. डोंगरातली ती सगळी माणसं एकदम हसली. भाऊजी चमचा धरून बसले होते. मुहूर्त केव्हाच टळला होता. त्यांनी चमचा पुन्हा भरला.

ते लोक कॅनडाला गेले त्याला आता वर्ष होत आलं. परवा भाऊजींच्या पुतण्याच्या लग्नासाठी मला चिकूचे क्रेट घेऊन तलासरीला जायचं होतं, माझा टेम्पो दुरुस्तीला होता, म्हणून भाऊजींची गाडी मागितली. मागचं दार उघडलं तर ती सीट तिथेच, टोपडं एका पट्ट्याला अडकवलेलं. मी म्हटलं, "भाऊजी, ही काढा. क्रेट कुठे ठेवू?" त्यांनी एक क्रेट डिकीत ठेवला, एक सीटच्या बाजूला उभा केला आणि तिसरा माझ्या मांडीवर दिला. मग गाडी सुरू करण्याआधी मागे वळून सीटचा पट्टा ओढून पाहिला, नीट, दोन्ही बाजूंनी.

"हे काय?"

"प्रत्येक प्रवासाआधी तपासावी, असं आहे."

"बाळ नसेल तरी?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "त्याबद्दल पुस्तिकेत काही म्हटलेलं नाही," ते म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

मी क्रेट नीट धरला आणि मान वळवून पाहिलं, पट्टा बरोबर बसलाय का.